अक्काचा पालथा हात

अक्का घाबरट होती. हे आधीच सांगून टाकते, कारण खेळाच्या बाईंविषयी बोलायला लागलं की लोक 'धाडसी', 'खंबीर' असलं काहीतरी ऐकायच्या तयारीनं बसतात. तसलं काही नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी घाबरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. कुणी पालीला घाबरतं, कुणी साहेबाला घाबरतं. अक्का उन्हाला घाबरायची. आता कवठे महांकाळात राहून उन्हाला घाबरायचं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. पण तिनं ते निभावलं.

मी मूळची खंडाळ्याची. लोणावळ्याशेजारचं नव्हे, साताऱ्यातलं. हे वाक्य आम्हाला जन्मभर म्हणावं लागतं. आमच्या संस्थेच्या शाळा सातारा-सांगलीभर पसरलेल्या, त्यामुळे बदली कुठं होईल याचा नेम नाही. माझी झाली ती थेट दुष्काळी पट्ट्यात. जूनमध्ये हजर झाले, तर ढगाचा पत्ता नाही आणि मैदानावर मुरूम नुसता तापलेला. त्याच मैदानात एक बाई उकिडवी बसलेली दिसली. ट्रॅक पॅन्ट, वर ढगळा कुडता, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. उजवा हात जमिनीवर पालथा टेकवलेला, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटतायत. शेजारी एक करडी, म्हातारी कुत्री तितक्याच गांभीर्यानं बसलेली. मला वाटलं, ही बाई शाळेच्या जागेवर काही उतारा-बितारा करतीय. नव्या गावात पहिल्याच दिवशी हे दिसावं!

"काय करताय हो?" मी लांबूनच विचारलं.

"ऊन बघती," ती म्हणाली.

"ऊन वर असतं."

"वर दिसतंय, बाई. असतंय खाली."

ही आमची पहिली भेट. तिचं नाव बायाक्का कोळेकर. शाळेतल्या पोरी, शिपाई, मुख्याध्यापक, सगळे तिला अक्का म्हणत. माझ्याहून वयानं बरीच लहान, तरी मीही अक्काच म्हणायला लागले. शिक्षकांच्या सभेत ती अगदी पुस्तकी बोलायची, 'विद्यार्थिनींचा सराव' वगैरे. मैदानाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की पुस्तक बाहेर राहायचं.

त्या पालथ्या हाताची गोष्ट अशी. सराव सुरू करायच्या आधी अक्का मैदानाला हात लावून बघायची. तळहात नाही. "तळवा कामाला निबर झालेला असतोय, त्यो खोटं बोलतोय. पालथा हात खरं सांगतोय," असं तिचं म्हणणं. हात टेकवायचा आणि "बिरुबाच्या नावानं चांगभलं" हे सावकाश, एका दमात म्हणायचं. बिरोबा हा त्यांच्या धनगरांचा देव. 'भलं' संपेपर्यंत हात टिकला तर खेळ. त्याआधी उचलावा लागला तर त्या जमिनीवर ना पोरीचा पाय पडणार, ना कुत्र्याचा. मग मुख्याध्यापक येऊन सांगोत नाही तर खुद्द बिरोबा.

मुख्याध्यापक यायचेच. "अहो अक्का, पलीकडच्या शाळेची मुलं भर उन्हात कबड्डी खेळतात. आपल्या काय लोण्याच्या आहेत?" ती मान खाली घालून "व्हय सर" म्हणायची आणि पोरींना व्हरांड्यात नेऊन भिंतीवर चेंडू मारायला लावायची. तोंडानं व्हय आणि पायानं न्हाई, ही तिची रीत. तिला भांडता यायचं नाही. भांडणाचीही भीतीच वाटायची.

आमच्या शाळेत नेटबॉल आला तो काही खेळाच्या प्रेमानं नव्हे. कबड्डी, खो-खोला शाळा उदंड, नेटबॉलला थोड्या. म्हणजे लवकर वर जाता येतं आणि दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. हा सगळा हिशेब मुख्याध्यापकांचा. अक्कानं मात्र तो खेळ मनावर घेतला, कारण तो तिला ओळखीचा वाटला. प्रत्येक पोरीच्या छातीवर अक्षर, आणि त्या अक्षराला आखून दिलेली हद्द. तिच्या बाहेर जायचं नाही. अक्का म्हणायची, "ही तुजी वाघर. वाघर सोडायची न्हाई." मेंढरं कोंडायला धनगर दोऱ्यांची जाळी उभी करतात, तिला वाघर म्हणतात. खांबाच्या कड्याला शाळेनं आणलेली जाळी महिन्यात फाटली, तेव्हा अक्काच्या वडिलांनी, आबांनी, जुन्या वाघरीचीच दोरी काढून नवी विणून दिली. ती काही फाटली नाही.

या खेळात चेंडू घेऊन पळता येत नाही. हातात आला की पाय थांबले पाहिजेत आणि तीन सेकंदांत तो दुसरीकडे गेला पाहिजे. सेकंद कोण मोजणार? अक्का म्हणाली, "मनात चांगभलं म्हणायचं. 'भलं' संपायच्या आत बॉल सुटला पायजे." प्रज्ञा नावाची एक उंच पोरगी होती, बौद्ध घरातली, फार नेमकी. तिनं विचारलं, "अक्का, मी जय भीम म्हणू का?"

"म्हण की. बॉल सुटल्याशी कारण."

त्यामुळे आमच्या संघात चेंडू दोन वेगवेगळ्या नावांनी सुटायचा, पण वेळेत सुटायचा.

आता कुत्रीचं. तिचं नाव चिंगी. आबांनी कळप विकला, द्राक्षाची बाग लावली आणि मेंढरांमागची ही कुत्री बेकार झाली. ती अक्काच्या मागं शाळेत यायला लागली. मैदानाच्या मधल्या रेषेच्या बाहेर तिची ठरलेली जागा. चेंडू बाहेर गेला तर ती ढुंकून बघायची नाही. पण पोरगी आपली हद्द सोडून भलतीकडे धावली की उठायची आणि टाचेला हळूच नाक लावून तिला परत आत घालायची. पंचांची शिट्टी चुकायची, चिंगीची चुकायची नाही. पोरी हसून बेजार व्हायच्या.

अक्का मात्र तिच्याकडं बघून कधी हसली नाही. तिचं लक्ष सदा चिंगीच्या जिभेवर. "जीभ लांब झाली, कडा लाल झाल्या. बास आता." पोरींनाही तेच. पळून आली की "जीभ दाव". माझा दहावीचा तास चालू असताना अक्का खिडकीत येऊन एका पोरीला "जीभ दाव गं" म्हणाली, तेव्हा मी चिडले होते. "अहो, इथं कविता चाललीय," म्हटलं. "चालू द्या की बाई, मी फकस्त जीभ बघती," ती म्हणाली आणि बघूनच गेली.

एवढी भीती कुठून आली हे मी तिला एकदा विचारलं. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो, ती चिंगीचं पोट आणि पाय ओल्या फडक्यानं पुसत होती. अंगावर ओलं पोतं टाकायची नाही. त्यानं आतली वाफ कोंडते म्हणायची. पुसता पुसता म्हणाली, "मी ल्हान हुते तवा कळपामागं चालायची. एकदा वावरातनं हाकललं आमाला, म्हणून डांबरीवरनं चाललो. भर दुपार. आमचा शेरू कळपाला फेऱ्या घालत हुता. ह्या टोकाला जायचा, त्या टोकाला यायचा. मधीच थांबून मागं माझ्याकडं बघायचा. मला वाटलं, मेंढरं बघतोय."

चिंगीनं दुसरा पाय पुढं केला.

"थांब म्हणंल का कोण, ते बघत हुता त्यो. आमी कुणीच म्हणलं न्हाई. सांजचं गेला. बाई, कुत्रं आपणहून थांबत न्हाई. त्याला कुणीतरी थांब म्हणावं लागतंय. ह्या पोरी बी तसल्याच हायत. मी पळ म्हणली की मरूस्तवर पळतील."

त्यानंतर मी तिची चेष्टा कमी केली. बंद केली नाही, कारण ती काहीतरी करायचीच. बाजारच्या दिवशी एकदा आम्ही दोघी भाजीला गेलो होतो. एका हॉटेलाबाहेर बाहेरगावची पांढरी गाडी उभी, काचा वर, आणि आत एक झिपरं कुत्रं धापा टाकत काचेला पंजे मारतंय. मालकाचा पत्ता नाही. अक्काचा चेहरा पांढरा पडला. तिनं डोक्याची ओढणी सोडून गाडीच्या काचेवर सावलीला पसरली, आणि ज्या बाईला सभेत चार वाक्यं बोलताना घाम फुटायचा ती भर बाजारात ओरडली, "पांढऱ्या गाडीवाल्यांनी या, तुमचं लेकरू आत कोंडलंय."

अर्धा बाजार धावला. मिरच्यांचे ढीग सोडून बाया आल्या. हॉटेलातून एक गृहस्थ मिसळीचा हात तसाच घेऊन पळत आले, गाडी उघडली आणि मग भडकले. "लेकरू काय म्हणता? कुत्रा आहे तो."

"तुमच्या मागं मागं आलं म्हंजे लेकरूच की," अक्का म्हणाली आणि माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली न विचारता त्या कुत्र्यासमोर धरली. घरी जाईपर्यंत मात्र मला विचारत राहिली, "बाई, त्ये तक्रार तर करायचे न्हाईत न्हवं?"

अशी ही बाई. आणि तिच्याच हातून ते झालं.

माझ्या तिथल्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. परीक्षा संपल्या होत्या, नेटबॉलचं शिबिर चालू होतं, आणि सांगलीला जिल्ह्याचा अंतिम सामना होता. सुप्रिया ही आमची कप्तान. तिच्या वडिलांचं बेदाण्याचं शेड आहे. जाळ्यांवर द्राक्षं वाळवून बेदाणा करतात ते. त्यांनी पोरींसाठी नव्या बेदाण्याची मोठी पिशवी पाठवली. आता त्या भागात उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून बेदाणे रात्री भिजवून सकाळी त्याचं पाणी देतात, हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. बेदाणा थंड. तापलेल्या लेकराला, बाळंतिणीला, म्हाताऱ्याला, सगळ्यांना तेच. अक्का रोज माठात बेदाणे भिजवायची, पोरींना वाटीवाटीनं द्यायची आणि उरलेलं चार घोट पाणी चिंगीला. कित्येक उन्हाळे हे चालू होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी भयंकर तापलं होतं. सकाळीच हात टिकेना. चिंगी साध्या पाण्याला तोंड लावेना, म्हणून अक्कानं तिच्यापुढं माठाच्या तळाचं पाणी फुगलेल्या बेदाण्यांसकट ओतलं. गोड लागलं, चिंगीनं सगळं चाटूनपुसून खाल्लं. अक्काला तेवढंच बरं वाटलं. दुपारी चिंगी ओकली. अक्का म्हणाली, ऊन लागलं. तिनं पोट भिजवलं, पाय भिजवले, सावलीत हवेशीर जागी ठेवलं, सगळं बरोबर केलं. आणि उन्हावर औषध म्हणून अजून एक वाडगा बेदाण्याचं पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात पोरी, दोन जादाच्या पोरी, चेंडूंची जाळी आणि आम्हाला सांगलीला नेणारी वडापची, एरवी सीटवर भाडं घेणारी जीप, सगळं शाळेच्या फाटकात उभं होतं, अक्का नव्हती. मी शोधत गेले तर ती जनावरांच्या दवाखान्यात. चिंगी टेबलावर आडवी, डोळे अर्धे मिटलेले. आबा फेटा मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी विचारलं, "काल काय खाल्लं होतं?"

"काय न्हाई. पाणीच घातलं. बेदाण्याचं."

डॉक्टरांचा हात थांबला. "नुसतं पाणी, का बेदाणे पण?"

"बेदाणं बी. तळाचं."

"अक्का, द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला चालत नाही. मूत्रपिंडावर जातं. एखाद्याला पचतं, एखाद्याला थोड्यानंही होतं. आजवर निभावलं ते नशीब."

अक्कानं चिंगीकडं बघितलं. मग म्हणाली, "मी दिलं."

"अहो, सगळेच देतात. माहीत नसतं लोकांना."

"दुपारनं परत दिलं. मीच दिलं."

डॉक्टरांनी सलाइन लावलं. म्हणाले, आता एकच गोष्ट बघायची. संध्याकाळपर्यंत तिला लघवी झाली तर आशा आहे. नाही झाली तर अवघड आहे. मला त्या क्षणी रडू यायला लागलं आणि त्याच वेळी मनात आलं, काय ही वेळ, सगळ्या गावाचा जीव एका कुत्रीच्या लघवीत अडकलाय.

आबा म्हणाले, "तू जा. पोरी खोळंबल्यात. मी बसतो हितं."

"मी न्हाई जात."

"तू न्हाई गेलीस तर त्यांना थांब कोण म्हणणार?"

हे एकच वाक्य होतं तिला उठवणारं, आणि बापाला ते ठाऊक होतं. तिनं चिंगीच्या कपाळावर पालथा हात टेकला आणि जीपमध्ये येऊन बसली.

एरवी सांगलीच्या वाटेत अक्का पोरींचं डोकं उठवायची. पाणी पी, खिडकीतून हात काढू नको, वाघर सोडू नको. त्या दिवशी फोन मुठीत धरून नुसती रस्ता बघत होती. पोरींना काय झालंय ते कळलं होतं. सुप्रिया तर रडून सुजली होती. बेदाणा तिच्या घरचा ना. मिरजेच्या पुढं तिनं हळूच विचारलं, "अक्का, आमच्या पप्पांमुळं झालं का गं?" अक्कानं नुसती मान हलवून नाही म्हटलं. मला भीती वाटायला लागली. चिंगीची तर होतीच, पण आता अक्काची जास्त.

सामना सकाळी व्हायचा होता. पाहुणे आले नाहीत म्हणून लांबत गेला आणि सूर्य माथ्यावर आल्यावर पाहुणे आले. मैदान सिमेंटचं. भाषण झालं, हार झाले, पंचांनी शिट्टी वाजवून संघांना बोलावलं. समोर आष्ट्याच्या पोरी उभ्या राहिल्या. आमच्या पोरी अक्काकडं बघत होत्या. अक्का पायरीवर बसलेली. उठून हात लावेना.

"अक्का," मी म्हटलं, "हात लावून बघा की."

"मला काय कळतंय, बाई?" तिचा आवाज कोरडा होता. "जिला जपली तिलाच बेदाणं घातलं मी. आता माझं कुणी ऐकू नये."

"अहो, ते वेगळं, हे वेगळं."

"मला ठावं न्हाई. तुमी बघा."

मी घाबरले. खरंच घाबरले. मी मराठी शिकवणारी बाई, माझ्या शब्दावर पंच सामना थांबवणार होते थोडेच? पण म्हटलं, वाकावं तर लागणार. मी पदर खोचला, तेवढ्यात सुप्रिया रेषेवर उकिडवी बसली. तिनं उजवा हात पालथा सिमेंटवर टेकला. तिच्या शेजारी प्रज्ञा बसली. मग तिसरी, चौथी, सगळ्याच. भर मैदानात आमचा संघ रांगेनं उकिडवा बसलेला, आणि सावकाश म्हणतोय, बिरुबाच्या नावानं. 'चांगभलं' आलंच नाही. त्याआधीच हात वर झाले. प्रज्ञा तिचं जय भीम लांबवून म्हणत होती. तिचाही हात 'भीम'वर पोचला नाही.

सुप्रिया उठून पंचांकडं गेली. "सर, आमी आत्ता खेळत न्हाई. उन्हं उतरल्यावर खेळतो."

"तुमच्या शिक्षिका कुठायत?"

"त्या बसल्यात तिकडं. त्यांनीच सांगितलंय."

"कधी सांगितलं? मी तर त्यांना बोलताना पाहिलं नाही."

"रोज सांगतात," सुप्रिया म्हणाली.

पंच म्हणाले, मग सामना समोरच्या संघाला देऊन टाकतो. दिला असता, नियम त्यांच्या बाजूनं होता. पण आष्ट्याच्या एका पोरीनं काय चाललंय म्हणून गंमत म्हणून हात टेकला आणि चटका बसून मागं घेतला. तिच्या बाईंनी स्वतः वाकून बघितलं. सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, असला जिंकलेला सामना घेऊन आम्ही घरी काय सांगू? संध्याकाळी खेळू." पाहुण्यांना जेवायची घाई होतीच. सामना पुढं गेला.

मी वळून पायरीकडं बघितलं. अक्का ओढणीत तोंड घालून रडत होती. मी शेजारी जाऊन बसले. पोरी आल्या आणि ओळीनं जिभा काढून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. तिनं डोळे पुसले आणि एकेक बघितली. "तू पाणी पी," प्रज्ञाला म्हणाली. तेवढं एकच वाक्य, पण मला हायसं वाटलं.

ऊन कलल्यावर सामना झाला. फार चांगला झाला. शेवटी दोन्ही संघ बरोबरीत होते, चेंडू सुप्रियाच्या हातात होता, आणि अक्काच्या मुठीतला फोन वाजला. आबांचा. तिनं फोन कानाला लावला, आणि मग अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "बाई, मुतली."

सुप्रिया जागच्या जागी उभी राहिली. चेंडू छातीशी धरून अक्काकडं बघत राहिली. मनातलं चांगभलं कधीच संपलं होतं. पंचांची शिट्टी वाजली, चेंडू आष्ट्याला गेला, त्यांनी गोल केला आणि आम्ही हरलो. हरलेला संघ इतका नाचताना सांगलीकरांनी पाहिला नसेल. आष्ट्याच्या बाई माझ्याजवळ येऊन विचारायला लागल्या, "अहो, काय झालं? कोण काय म्हणालं?" मी काय सांगणार कपाळ? म्हटलं, घरी आजारी आहे एक जण, बरी आहे आता.

चिंगी वाचली, पण पहिल्यासारखी झाली नाही. हाडं दिसायला लागली, डॉक्टरांनी सांगितलेलंच खायची. मधल्या रेषेबाहेर येऊन बसायची, उठायची मात्र नाही. पोरी मग मुद्दाम हद्दीबाहेर जाऊन तिच्यापुढून चालायच्या. ती बसल्या जागेवरून मान वळवायची. तेवढ्यानंही त्या परत आत यायच्या.

अक्का बदलली. आधी तिला सगळं ठाऊक असायचं, आता ती ज्याला त्याला विचारायची. "डॉक्टर, हे दिलं तर चालंल का? बाई, हे बरोबर हाय का?" आणि बाजारच्या दिवशी बेदाण्याच्या दुकानांपुढं उभी राहून, कुत्रं बरोबर असलेल्या प्रत्येकाला अडवायची. "दादा, कुत्र्याला बेदाणं घालू नका. मी घातलं हुतं." लोक हसायचे. कुणी म्हणायचं, "आमच्या कुत्र्याला भाकरी मिळंना, बेदाणं कुठलं?" ती हसण्यावारी न्यायची नाही. 'मी घातलं हुतं' हे शेवटचे शब्द तिनं कधीही गाळले नाहीत. मला ते ऐकवायचं नाही, म्हणून मी पुढच्या दुकानात जाऊन भाव विचारत बसायची.

थंडी सरता सरता चिंगी गेली. झोपेतच गेली. आबांनी आणि अक्कानं तिला तिच्या जागेवरच पुरलं, मधल्या रेषेच्या बाहेर. मुख्याध्यापकांनी या वेळी कधी नव्हे ते 'व्हय' म्हटलं. अक्कानं वर कडुलिंबाचं रोप लावलं.

मे महिन्यात माझी बदली परत खंडाळ्याला झाली. गेले तीन उन्हाळे ज्या उन्हाला शिव्या घालत काढले, ते सोडताना मला रडू येईल असं वाटलं नव्हतं. निघायच्या दिवशी सामान रिक्षात ठेवून स्टँडवर जाता जाता शाळेपाशी थांबले. भर दुपार. पोरींना तिनं सकाळीच घरी पाठवलं होतं, मैदान रिकामं. आणि अक्का तिथं उन्हात उकिडवी बसलेली, पालथा हात जमिनीवर.

"आता कुणाला खेळवताय?" मी विचारलं.

"कुणाला न्हाई. हिच्यावरची माती बघती." तिनं हात उचलून बघितला, पाठ लाल झाली होती. "लय पोळतंय, बाई. रोपाची सावली पडायला अजून लय येळ हाय."

मला म्हणायचं होतं, अक्का, तिला आता ऊन लागत नाही. पण तिच्या चेहऱ्याकडं बघून ते तोंडातून निघालं नाही. पोरींच्या पिण्याचा कॅन तिच्याशेजारी होता. मी तो उचलून तिच्या हातात दिला. तिनं रोपाला घातलं, मग सगळ्या जागेवर सावकाश फिरवून ओतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं तिनं बघितलं असावं, कारण म्हणाली, "जीभ दावा बघू." मी म्हटलं, चल, काहीतरीच. पण दाखवली.

"पाणी पिऊन जावा," ती म्हणाली. कॅनमध्ये घोटभर उरलं होतं, ते पिऊन मी निघाले.

रिक्षा फाटकाबाहेर वळली तेव्हा मी मागं बघितलं. अक्कानं ओल्या मातीवर पुन्हा हात टेकला होता. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. या वेळी तिनं हात उचलला नाही.